दुभाष्याची बाजू : दूरचे खंड जोडणारी ऐतिहासिक कादंबरी

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर गड, दरबार, खलबतखाना आणि रणांगण उभे राहते. १८७१ साली आलेल्या ‘मोचनगड’पासून ही परंपरा सुरू झाली, असे आपण वर्गात शिकवतो. तिचे कर्ते रामचंद्र भिकाजी गुंजीकर हे बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटीचे. पुढे हरिभाऊ आपटे, नाथमाधव, रणजित देसाई, ना. सं. इनामदार, विश्वास पाटील अशी मोठी रांग लागते. राज्य कसे उभे राहते, कसे टिकते आणि कसे हातचे जाते, हे या परंपरेने आपल्याला समर्थपणे दाखवले. एक साधा प्रश्न मात्र तिने क्वचितच विचारला. वेगवेगळ्या मुलखांतली ही माणसे एकमेकांशी बोलली तरी कोणत्या भाषेत?

आपल्या कादंबऱ्यांतला मोगल सरदार, पोर्तुगीज विजरई आणि इंग्रज वकील हे सगळे मराठीतच बोलतात. वाचक मराठी असल्यामुळे हा संकेत आवश्यक आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु या संकेताच्या आड एक माणूस नाहीसा होतो. तो म्हणजे दोन पक्षांच्या मध्ये उभा राहून एकाचे दुसऱ्याला सांगणारा दुभाषी. दोन खंडांमधले सांस्कृतिक नाते हा ज्या कादंबरीचा विषय आहे, तिच्या बाबतीत ही उणीव किरकोळ राहत नाही. अशा कादंबरीची बिजागरी दुभाषी हीच असते, आणि लेखकाने भाषेचा प्रश्न किती प्रामाणिकपणे सोडवला यावर त्या नात्याचे खरेखोटेपण ठरते, असे माझे मत आहे. ते तपासण्यासाठी तीन कादंबऱ्यांचा येथे विचार करतो आणि शेवटी आपल्या किनाऱ्याकडे वळतो.

दुभाष्याचे स्थान

पोर्तुगीज लोक दुभाष्याला ‘लिंग्वा’ म्हणत. या शब्दाचा मूळ अर्थ जीभ. आख्ख्या माणसाला एका अवयवाचे नाव देण्यात त्याच्याविषयीची दृष्टी स्पष्ट दिसते. त्याने बोलावे, पण त्याला स्वतःचे म्हणणे नसावे.

प्रत्यक्षात इतिहासातले मोठे प्रसंग अशाच जिभांवर तोलले गेले. १५१९ साली एर्नान कोर्तेस मेक्सिकोत उतरला, तेव्हा त्याचे बोलणे दोन पायऱ्यांनी पुढे जात असे. आगिलार नावाचा स्पॅनिश माणूस मायांच्या कैदेत राहून त्यांची भाषा शिकला होता. तो स्पॅनिशचे माया भाषेत करी. मालिन्त्सिन ही स्त्री मायाचे नाव्हात्ल भाषेत करी. उत्तर त्याच वाटेने उलटे येई. मोक्तेसुमा काय म्हणाला, याचे स्पॅनिश वृत्तान्त आपण वाचतो, तेव्हा या दोघांच्या तोंडून गाळून आलेले शब्द वाचत असतो.

याच्या उलट टोकाचे उदाहरण म्हणजे १५१३ साली स्पेनमध्ये तयार झालेला ‘रेकेरिमिएन्तो’ हा जाहीरनामा. नव्या मुलखात पाऊल ठेवल्यावर तेथल्या लोकांना तो वाचून दाखवायचा, त्यांनी पोप आणि राजा यांची सत्ता मान्य करावी असे बजावायचे, न केल्यास होणाऱ्या युद्धाचा दोष त्यांच्याच माथी मारायचा. वाचन स्पॅनिशमध्ये होई. समोरच्याला एक अक्षर कळत नसे, कधी समोर कोणी नसेही. दुभाष्याला वगळून केलेला संवाद हा संवाद नव्हे, तो नुसता कागदोपत्री सोपस्कार होय.

दुभाष्याचा धोकाही मोठा असतो. दोन्ही पक्षांना त्याची गरज असते आणि दोन्ही पक्ष त्याच्यावर संशय घेतात. कॅन्टनमध्ये परदेशी व्यापाऱ्यांना चिनी भाषा शिकवण्यास मनाई होती. १७५९ साली जेम्स फ्लिंट या इंग्रजाने चिनी भाषेत अर्ज करून बादशहाच्या दारी दाद मागितली. फ्लिंटला कैद झाली, त्याला अर्जाच्या कामी मदत करणाऱ्या चिनी माणसाला मात्र देहदंड झाला. मध्ये उभे राहणाऱ्याची किंमत अशी वसूल होते.

एका ओळीचा माणूस

पहिली कादंबरी लैला लालामी यांची ‘द मूर्स अकाउंट’. ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. लालामी मूळच्या मोरोक्कोतल्या रबातच्या, लेखन इंग्रजीत. कादंबरीचा ऐतिहासिक आधार असा : १५२७ साली पानफिलो दे नार्वाएझ याच्या नेतृत्वाखाली सुमारे ६०० माणसांची मोहीम स्पेनहून निघाली. १५२८ मध्ये ती फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागली. वादळे, उपासमार, रोग आणि चकमकी यांत ती नष्ट झाली. १५३६ साली मेक्सिको शहरात पोहोचले ते फ्लोरिडात उतरलेल्यांपैकी चौघे : काबेसा दे वाका, दोरान्तेस, कास्तियो हे तीन स्पॅनिश आणि दोरान्तेसचा गुलाम एस्तेबानिको.

काबेसा दे वाका याचा वृत्तान्त १५४२ साली छापला गेला. त्यात एस्तेबानिको अधूनमधून डोकावतो. वाटेतल्या जमातींशी बोलणे, पुढचा रस्ता विचारणे, पाण्याचा आणि अन्नाचा ठाव घेणे ही कामे तोच करी, हे त्या वृत्तान्तावरूनच कळते. त्याची ओळख मात्र शेवटी एका ओळीत उरकली आहे : आझेम्मूरचा अरबी काळा माणूस.

लालामींची कादंबरी या ओळीतून निघते. निवेदक आहे मुस्तफा, आझेम्मूरचा. एस्तेबान हे त्याच्यावर लादलेले नाव, आणि त्याला ‘इको’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय लावून ते आणखी लहान केलेले. आपण म्हाताऱ्या गड्यालाही ‘बाळ्या’ म्हणून हाक मारावी, तसा हा प्रकार. कादंबरीतला मुस्तफा आपले खरे नाव, बापाचे नाव, गावाचे नाव सविस्तर सांगतो. अरबी साहित्यातल्या ‘रिहला’ म्हणजे प्रवासवर्णनाच्या परंपरेला धरून तो आपली हकीकत मांडतो. प्रत्येक प्रकरणाला ‘अमक्याची गोष्ट’ असेच नाव आहे.

येथे लेखिकेची निवड ध्यानात घेण्यासारखी आहे. स्पॅनिश वृत्तान्ताला उत्तर देताना तिने स्पॅनिश वृत्तान्ताचाच साचा उचलला नाही. निवेदकाच्या स्वतःच्या संस्कृतीत प्रवासाची हकीकत कशी सांगत, तो घाट तिने घेतला. त्यामुळे आफ्रिका, युरोप आणि अमेरिका हे तीन खंड नुसते कथानकात न भेटता सांगण्याच्या पद्धतीतही भेटतात. रेकेरिमिएन्तोचे वाचन या कादंबरीतही येते, पण ते ऐकतो मुस्तफा. ज्याच्या स्वतःच्या गावावर पोर्तुगीजांनी ताबा मिळवला होता, त्याच्या कानाला तो जाहीरनामा ओळखीचा लागतो. अमेरिकेतल्या लोकांचे दुःख त्याला कळते ते या अनुभवातून. त्याच वेळी तो जेत्यांच्या तांड्यातलाच एक आहे, हेही लेखिका झाकत नाही.

ऐतिहासिक एस्तेबानिको १५३९ साली, आजच्या न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांच्या हाविकू या गावी मारला गेल्याची नोंद आहे. कादंबरीने या नोंदीला वेगळे वळण दिले आहे. ते न पटणारे वाचकही असतील. परंतु ही नोंद ऐकीव होती, आणि बातमी आणणारे तसेच ती लिहिणारे यांच्यामध्ये पुन्हा भाषेचे अंतर होते. लालामींनी कल्पनेला जागा दिली ती याच फटीत. सनावळी, मार्ग, माणसे यांना त्यांनी फारसा धक्का लावलेला नाही.

दोन राजांचा पक्षी

दुसरी कादंबरी अमीन मालूफ यांची ‘लिओ आफ्रिकनस’. ही मूळ फ्रेंच, १९८६ सालची. मालूफ बैरूतचे, १९७६ पासून फ्रान्समध्ये. त्यांचा नायक हसन अल-वझ्झान हा ग्रानाडात जन्मलेला, फेझमध्ये वाढलेला. राजाचा वकील म्हणून तो टिंबक्टूपर्यंत गेला. १५१८ साली भूमध्य समुद्रात ख्रिस्ती चाच्यांनी त्याला पकडून पोप दहाव्या लिओला भेट दिले. १५२० साली त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्याला पोपचेच नाव मिळाले. रोममध्ये त्याने एका यहुदी वैद्यासाठी अरबी, हिब्रू व लॅटिन असा त्रैभाषिक शब्दसंग्रह सुरू केला, आणि आफ्रिकेचे मोठे वर्णन इटालियनमध्ये लिहिले. ते १५५० साली व्हेनिसमध्ये रामुझिओने छापले, मात्र छापताना मजकुरावर हात फिरवला. युरोपने पुढची काही शतके आफ्रिका पाहिली ती मुख्यतः या पुस्तकातून.

हसनच्या त्या पुस्तकात एक गोष्ट आहे. एक पक्षी पाण्यात आणि हवेत दोन्हीकडे राहू शके. पक्ष्यांचा राजा कर मागायला आला की तो पाण्यात जाऊन माशांत मिसळे. माशांच्या राजाने कर मागितला की उडून पक्ष्यांत येई. हसन सांगतो, आपणही तसेच करू : आफ्रिकेच्या लोकांना कोणी नावे ठेवली तर आपण ग्रानाडाचे, ग्रानाडाला नावे ठेवली तर आपण आफ्रिकेचे. इतिहासकार नॅटली झेमन डेव्हिस यांनी हसनवरच्या आपल्या २००६ सालच्या ग्रंथात या पक्ष्याला मध्यवर्ती स्थान दिले आहे.

हा पक्षी म्हणजे दुभाष्याचे नेमके चित्र आहे. त्याच्या लवचीकपणाला लबाडी म्हणायचे की जगण्याची रीत, हा प्रश्न मालूफ यांच्या कादंबरीत सतत जाणवतो. त्यांनी कादंबरीचे चार भाग केले : ग्रानाडा, फेझ, कैरो, रोम. प्रत्येक प्रकरण म्हणजे एक वर्ष, आणि वर्षाला हिजरी व ख्रिस्ती अशा दोन्ही सनांची तारीख. निवेदन मुलाला उद्देशून आहे. ही सनांची जोडी दिसायला छोटी गोष्ट, पण तिने मोठे काम केले आहे. कालगणना बदलली की घटनेचा अर्थ बदलतो. ख्रिस्ती पंचांगात ग्रानाडाचा विजय ते हिजरी पंचांगात ग्रानाडाचे जाणे. बखरीत शक, हिजरी आणि राज्याभिषेक शक शेजारी शेजारी पाहण्याची सवय असलेल्या मराठी अभ्यासकाला यातले मर्म लगेच कळावे.

मोडक्या भाषेतला जिव्हाळा

तिसरे उदाहरण अमिताव घोष यांच्या आयबिस त्रयीचे. ‘सी ऑफ पॉपीज’ (२००८), ‘रिव्हर ऑफ स्मोक’ (२०११) आणि ‘फ्लड ऑफ फायर’ (२०१५). काळ पहिल्या अफू युद्धाच्या आसपासचा. १८३८ साली आयबिस हे जहाज गिरमिटियांना घेऊन कलकत्त्याहून मॉरिशसकडे निघते. पूर्वी हेच जहाज गुलामांच्या व्यापारात होते. अमेरिका, आफ्रिका आणि आशिया यांचे दुःख असे एका लाकडी तळघरात साठते. याच काळापासून कोकणातलेही अनेक मजूर मॉरिशसला गेले आणि त्यांचे मराठी वंशज आजही तेथे आहेत, म्हणून हा प्रवास आपल्याला परका नाही.

जहाजावरच्या खलाशांची भाषा ‘लश्करी’. पोर्तुगीज, अरबी, हिंदुस्थानी, बंगाली, मलयाळी अशा अनेक भाषांतले शब्द तिने जमवले. घोष यांच्यापाशी तिच्यासाठी आधार होता : टॉमस रोबक याचा १८११ सालचा इंग्रजी-हिंदुस्थानी नौकानयन कोश. तिच्यातली ‘सारंग’, ‘तांडेल’ ही पदे कोकणच्या किनाऱ्यावर आजही आडनावांतून भेटतात, आणि ‘दर्यासारंग’ शिवकालीन आरमारातून आपल्याला माहीत आहे. घोष असे शब्द तिरप्या ठशात वेगळे काढत नाहीत, तळटीप देत नाहीत. वाचकाने नव्या खलाशासारखे कानाने शिकावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. नील हे पात्र तर शब्दांची टिपणे करते आणि शब्दांनाच देशांतर करणारी माणसे समजते.

दुसऱ्या भागात बहराम मोदी हा मुंबईचा पारशी व्यापारी आणि ची-मेई ही कॅन्टनची नावेवरची बाई यांचे नाते आहे. दोघांना मुलगाही आहे. त्यांची समान भाषा कोणती? कॅन्टनच्या बाजारातली पिजिन, म्हणजे व्यवहारापुरती जुळवलेली मोडकी इंग्रजी. भाव करण्यासाठी घडलेल्या या भाषेत एक संसार चालतो. शब्द अपुरे पडतात तेथे दोघे काय करतात, हे घोष दाखवतात. दोन्ही पात्रांच्या तोंडी सफाईदार इंग्रजी घातली असती तर प्रसंग सोपा झाला असता आणि खोटाही.

तिन्हींवरून काय दिसते

तिन्ही लेखकांच्या रीती भिन्न आहेत, तरी काही गोष्टी समान आहेत. पहिली, मध्यवर्ती जागा त्यांनी राजाला न देता मधल्या माणसाला दिली. राजा एका ठिकाणी असतो, मधला माणूस दोन्हीकडे. दुसरी, नाव बदलण्याच्या प्रसंगाकडे त्यांनी लक्ष दिले. मुस्तफाचा एस्तेबानिको होणे, हसनचा लिओ होणे, या घटना लढाईइतक्याच मोठ्या मानल्या. तिसरी, न कळण्याला त्यांनी कथेत जागा दिली. दोन संस्कृती भेटल्या आणि लगेच मने जुळली, असे दाखवणारी कादंबरी वाचकाला खूष करते, पण त्या भेटीत कोणाला काय गमवावे लागले हे झाकते. चौथी, कल्पना कोठे करायची याचा त्यांना विवेक आहे. जेथे कागद बोलतो तेथे ते कागदाचे ऐकतात, जेथे कागद गप्प आहे तेथे बोलतात.

मराठीत हे कसे साधायचे, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. सगळी कादंबरी मराठीत असताना भाषांमधला फरक कानाला जाणवणार कसा? उत्तर आपल्या भाषेच्या इतिहासातच आहे. बखरीतली फारसीमिश्रित मराठी, संतांची ओवी, किनाऱ्यावरची बोली, पोर्तुगीज कचेरीतून आलेले शब्द असे कितीतरी थर आपल्यापाशी आहेत. शिवाय फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण समोर आहे. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपीत छापले गेले. बायबलची कथा मराठी ओवीत सांगताना त्याने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला. या एका शब्दात ऐकणाऱ्याला काय दिसले असेल आणि सांगणाऱ्याला काय म्हणायचे असेल? या दोन चित्रांमधले अंतर मांडता आले तर कादंबरीचे एक प्रकरण होईल.

आपल्या किनाऱ्यावरचा गास्पार

आता आपल्याकडचे एक न फुललेले कथाबीज. १४९८ साली परतीच्या वाटेवर वास्को द गामाची जहाजे कारवारजवळच्या अंजदीव बेटाशी थांबली होती. हे बेट आज गोव्यात मोडते. तेथे एक चाळिशीचा माणूस त्यांच्याकडे आला. तो व्हेनिसची भाषा उत्तम बोले. आपण मूळचे ख्रिस्ती, पश्चिमेकडून आलेलो, असे त्याने सांगितले. पोर्तुगीजांना तो हेर वाटला. त्यांनी त्याचा छळ केला, तेव्हा त्याने आपले सांगणे बदलले. त्याला लिस्बनला नेण्यात आले. बाप्तिस्मा होऊन तो गास्पार द गामा झाला. धर्म नवा, आडनाव पकडणाऱ्याचे.

१५०० साली काब्रालच्या आरमारात हा गास्पार दुभाषी म्हणून होता. एप्रिलमध्ये ते आरमार ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले. पेरो वाझ द कामिन्याने राजाला लिहिलेल्या पत्रात पहिल्या भेटीचे वर्णन आहे : लाटांच्या गर्जनेमुळे किनाऱ्यावरच्या लोकांशी बोलणे होऊ शकले नाही, टोप्या आणि पिसांचे शिरोभूषण यांची मात्र देवघेव झाली. आशियाच्या किनाऱ्यावर उपयोगी पडेल म्हणून बरोबर घेतलेला हा बहुभाषी माणूस त्या क्षणी आरमारात आहे, आणि त्याला येणारी एकही भाषा येथे चालणार नाही. पुढच्या वर्षी, १५०१ साली, परतीच्या वाटेवर आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याशी अमेरिगो व्हेस्पुची या आरमाराला भेटला. त्याने आपल्या पत्रात गास्पारचा विश्वासू माहीतगार म्हणून उल्लेख केला आहे. ज्याच्या नावावरून पुढे एका खंडाला नाव मिळाले, त्याला पूर्वेची माहिती देणारा माणूस अंजदीवला पकडलेला होता.

या माणसावर मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही. साहित्य मात्र हाताशी आहे. डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर यांनी १९५२ साली पोर्तुगीजांच्या हिंदी राजकारणातल्या प्रतिनिधींवर एक ग्रंथ सिद्ध केला. त्यात हिंदू, मुसलमान, यहुदी आणि पारशी अशा मध्यस्थांची चरित्रे पोर्तुगीज दप्तरांच्या आधारे आली आहेत. विजरईंच्या यादीपेक्षा या मधल्या माणसांची यादी कादंबरीकाराला अधिक देऊ शकेल.

नव्या लेखकांना मी एक छोटा अभ्यास सुचवतो. एखादी जुनी भेट निवडावी : तह, जकातीचा वाद, जहाजाची झडती. दोन्ही पक्षांना काय म्हणायचे होते ते लिहावे. मग तोच प्रसंग दुभाष्याच्या बाजूने लिहावा. कोणता शब्द त्याने मऊ केला, कोणता मुद्दाम गाळला, कशासाठी त्याला शब्दच सापडला नाही, घरी जाऊन बायकोला त्याने काय सांगितले. दुसरा खर्डा पहिल्याहून लांब होतो, असा माझा वर्गातला अनुभव आहे.

हा विषय आपल्यासाठी निव्वळ अभ्यासाचा नाही. गोव्यातला, बेळगावचा, इंदूरचा, बडोद्याचा किंवा हैदराबादचा मराठी माणूस घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि कचेरीत तिसरी बोलत आला आहे. त्याच्या मराठीत शेजारच्या भाषेचे शब्द येतात म्हणून त्याला कधी अशुद्ध ठरवले जाते, तर शेजारच्या भाषेत त्याचा हेल मराठी म्हणून ओळखला जातो. हसनच्या पक्ष्याची गोष्ट त्याला कोणी समजावून सांगायला नको. दूरचे खंड जोडणारी मराठी ऐतिहासिक कादंबरी लिहायची असेल, तर त्या लेखनाला लागणारा कान या गावांतल्या लेखकांकडे आधीपासून आहे. आता दप्तरे उघडून बसायला हवे.